अठ्ठ्याण्णव नंबरचं उत्तर

टक् असा आवाज झाला आणि मी हेडफोन काढून स्वयंपाकघराकडे पाहिलं. वाटलं, भांड्याचा खटका उडाला. पण आमच्या पेज शिजवायच्या विजेच्या भांड्याचा खटका सकाळपासून वरच होता, आणि उरलेली पेज झाकणाखाली कधीच गार झाली होती. घरात काहीही हललेलं नव्हतं. आतल्या खोलीत योयो झोपली होती. तिचं खरं नाव वेगळं आहे, पण ती पपनसांच्या दिवसांत जन्मली आणि तेव्हा तिचं डोकंही तसंच गोल होतं, म्हणून आम्ही तिला योयो, म्हणजे पपनस, म्हणायला लागलो. आता ती पाच वर्षांची आहे. दुपारी दीड-दोन तास झोपते, आणि माझं जे काही काम होतं ते या दीड-दोन तासांत होतं. नवरा शनिवार असूनही कामावर गेला होता. खाली गल्लीत कुणी बोलत नव्हतं. म्हणजे तो खटका माझ्या कानातला होता, रेकॉर्डिंगमधला, कुठल्यातरी दक्षिणेकडच्या गावातल्या घरातला, तीन आठवड्यांपूर्वी उडालेला.

हे आमचं रोजचं काम आहे. तैपेईतल्या आमच्या विद्यापीठाच्या विभागातल्या फोनखोलीतून विद्यार्थी संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ लोकांच्या घरी फोन लावतात आणि सरकारच्या योजनांबद्दल त्यांना काय वाटतं ते विचारतात. या वेळचा विषय होता घरातल्या म्हाताऱ्या, आजारी माणसांची काळजी. मूळ प्रश्न मी लिहिलेला: ही जबाबदारी मुख्यतः कुणाची, कुटुंबाची की सरकारची? शंभरातले दहा फोन मला तपासावे लागतात, आणि जे फार लांबलेत ते सगळेच. हा एकवीस मिनिटांचा होता. त्यावर शेरा होता, ‘मधे चार मिनिटं काहीच नाही.’ म्हणून तर मी तो आधी उघडला. चार मिनिटं काहीच नसेल तर पुढे ढकलून संपवता येईल, योयो उठायच्या आत आणखी दोन होतील, असा माझा हिशेब.

मी मागे नेऊन पुन्हा ऐकलं. फोन करणारी मुलगी आमची दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, आवाज अगदी शाळेतल्या वर्गप्रमुखासारखा. “आजी, कुटुंबाची की सरकारची?” म्हातारी आमच्या घरच्या बोलीत म्हणाली, “मला काय कळतंय त्यातलं, पोरी.” मग टक्. “थांब हं, ठेवू नकोस. पेज झाली, म्हाताऱ्याला गरम लागते.” रिसीव्हर लाकडावर ठेवल्याचा आवाज. मुलगी “आजी? आजी?” म्हणाली आणि गप्प बसली. तिनं फोन ठेवायला हवा होता. ती का थांबली कोण जाणे, कदाचित मोबाइल बघत असेल. मग त्या ‘काहीच नाही’मधे मला ऐकू आलं: चमचा वाडग्याला लागला. फुंकर. “आ करा. अजून. गिळलं? दाखवा जीभ. हां.” एक खोकला, ओला, बराच वेळ. पाठीवर थापट्या. मग तीच म्हातारी, थोडी मोठ्यानं, “सरकारचा फोन आहे. विचारतायत, तुमचं करायचं कुणी.” त्यावर एक घशातला आवाज आला, त्याला शब्द म्हणता येणार नाही. ती हसली. “मीच ना? दुसरं कोण येतंय मरायला.” चार मिनिटांनी रिसीव्हर उचलला गेला. “हां पोरी, बोल. तू जेवलीस का?” “आजी, मी प्रश्न परत वाचते. कुटुंबाची की सरकारची?” “सांगितलं ना गं, मला नाही माहीत.” आणि लगेच कळफलकाचे दोन ठोके. नऊ, आठ.

अठ्ठ्याण्णव म्हणजे ‘माहीत नाही’. एक म्हणजे कुटुंब, दोन म्हणजे सरकार, तीन म्हणजे दोघांची, अठ्ठ्याण्णव म्हणजे माहीत नाही. उत्तर दोनदा तसंच आलं की अठ्ठ्याण्णव दाबून पुढे जायचं. पाच सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही, कारण थांबलं की माणसाला वाटतं आपलं उत्तर चुकलं, आणि मग ते समोरच्याला बरं वाटेल असं काहीतरी बोलतं. हे सगळं फोनखोलीतल्या लाल पुस्तिकेत आहे आणि ती पुस्तिका मी लिहिली आहे. योयो पोटात होती, सातवा महिना, पाय सुजलेले, बादलीत पाय घालून मी तो पाच सेकंदांचा नियम लिहिला होता. इतर विद्यापीठांनीही ती पुस्तिका नेली, दोन-चार जिल्ह्यांच्या कार्यालयांनीही. मला त्याचा अभिमान होता. अजूनही आहे, खोटं कशाला बोलू.

मुलगी चुकली नव्हती. तिनं अगदी बरोबर केलं होतं. तरी मी खुर्चीतून उठले, भांड्याचं झाकण उचललं, गार पेजेवर आलेली साय चमच्यानं बाजूला केली आणि तशीच उभी राहिले. मला माझी आई दिसत होती. आजची नाही, सोळा वर्षांपूर्वीची. मी एम.ए.ला होते, सुट्टीत तोंगशीला, तैवानच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावी, घरी गेले होते, आणि पहिलीवहिली प्रश्नावली कुणावर तरी घासून बघायची म्हणून आईसमोर स्टूल ओढून बसले. ती अंगणात पत्र्याखाली कालवं फोडत होती. आमच्याकडे बायका तेच करतात. बाबा खाडीतून बांबूच्या माच्यांवरची कालवं काढून आणायचे आणि आई आखूड सुरीनं एकेक शिंपला उघडायची, सुरी आत, मनगटाला एक झटका, मांस पातेल्यात, शिंपला मागे ढिगावर. ढीग तिच्या खांद्याइतका. मी बावीस प्रश्न विचारले. वीस वेळा ती म्हणाली, “मला नाही माहीत गं, तुझ्या बाबांना विचार.” मला हसू आवरेना. म्हटलं, “आई, तू पक्की अठ्ठ्याण्णव नंबरची आहेस.” तिनं विचारलं, “चांगला आहे का तो नंबर? शंभरातले अठ्ठ्याण्णव?” आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की तिचा हात सुटून अंगठा कापला. अजून ती फोनवर तसंच म्हणते, “कोण बोलतंय? तुझी अठ्ठ्याण्णव नंबरची आई बोलतेय.” त्या बावीस प्रश्नांपैकी एक होता, घरातल्या म्हाताऱ्यांकडे कुणी बघावं. तेव्हा माझी आजी, म्हणजे बाबांची आई, आतल्या खोलीत नऊ वर्षं अंथरुणाला खिळलेली होती आणि आई दर तासाला सुरी खाली ठेवून, हात धुऊन, तिला कुशीवर वळवून परत येत होती. त्या प्रश्नालाही ती म्हणाली, माहीत नाही. मी ते टिपून घेतलं. मला त्यात विचित्र काही वाटलं नाही. पुढे तीन वर्षांनी माझ्या प्रबंधात मी लिहिलं की ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्यांना त्या विषयावर मत नसतं, तेव्हा टक्केवारी काढताना त्यांना बाजूला ठेवणंच शास्त्राला धरून आहे. परीक्षकांनी मान डोलावली.

फोन थरथरला. दादाचा होता. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, च्यायी शहरात असतो, गाड्यांचे सुटे भाग विकतो, आईबाबांच्या घरापासून तासाभरावर.

“झोपलीय का पपनस?” तो म्हणाला. “हळू बोलतो. पाच वाजेपर्यंत केंद्राला कळवायचंय. जागा एकच आहे, मागे दोघं उभे आहेत.”

“आईशी बोललास?”

“काय बोलायचं? मतदान झालं की.”

मतदान झालं होतं हे खरं. बाबांची उजवी बाजू गेली त्याला चार वर्षं झाली. आई त्र्याहत्तरची. महिन्यापूर्वी ती त्यांना उचलताना त्यांच्यासकट पडली, आणि तेव्हापासून आम्ही बाबांना केंद्रात ठेवायचं म्हणतोय, जिथे अशा माणसांना कायमचं ठेवून घेतात. परवा दादानं घरच्या फोनगटात मतदान टाकलं. तो असाच आहे, नववर्षाला मासा वाफवायचा की तळायचा यावरही मतदान टाकतो. ‘बाबांना केंद्रात ठेवायचं?’ हो, नाही. दादानं हो केलं, वहिनीनं हो केलं, मी विभागाच्या बैठकीत टेबलाखाली फोन धरून हो केलं. योयोनंही बोट लावायचा हट्ट केला तेव्हा मी तिला समजावलं की हे मोठ्यांचं आहे. आईनं मत दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता तिनं गटावर कमळाचं चित्र पाठवलं, ‘शुभ सकाळ, मन शांत तर दिवस छान’, तिच्या सगळ्या मैत्रिणी एकमेकींना पाठवतात तसलं. खाली दादानं लिहिलं, ‘आईची हरकत नाही.’ वहिनीनं हसरा चेहरा टाकला. मीही टाकला.

“दादा, आईनं मत दिलेलं नाही.”

“अगं, मी विचारलं तिला. माहीत नाही म्हणाली. तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हीच बघा म्हणाली. मग?”

“मग तू काय केलंस?”

“मी काय करणार? तीनपैकी तीन हो. तुझंच शास्त्र आहे ना हे, प्राध्यापकबाई? ज्याला मत नाही त्याला मोजायचं नाही. टीव्हीवर तूच सांगत होतीस, तो निळा कोट घालून.” मग त्याचा आवाज जरा खाली आला. “ह्वे,” माझं नाव घेऊन तो म्हणाला, “ती परत पडली तर? तू तैपेईत आहेस. मध्यरात्री गाडी काढून मी जातो.”

तो जातो हे खरं आहे. “पाचपर्यंत थांब,” मी म्हटलं. “मी आईला फोन करते.”

“कर. माहीत नाही म्हणेल.”

मी लगेच फोन केला नाही. मी परत टेबलाशी बसले आणि जे कधी केलं नव्हतं ते केलं, बाजूला काढलेली माणसं परत तक्त्यात घातली. एकूण एक हजार शहात्तर जण. त्यांतले ‘माहीत नाही’ दोनशे बारा. ते काढून टाकले की उरलेल्यांत अठ्ठावन्न टक्के लोक म्हणतात, काळजी घेणं कुटुंबाचंच काम. सोमवारी सरकारच्या समितीकडे जायच्या अहवालाचं पहिलं वाक्यही तेच होतं: ‘बहुसंख्य नागरिकांच्या मते ही जबाबदारी कुटुंबाची आहे.’ त्या दोनशे बाराजणांना परत बसवलं की अठ्ठावन्नाचे सत्तेचाळीससुद्धा होत नव्हते. बहुसंख्य कुणीच नव्हतं. मग मी ते दोनशे बारा उघडून पाहिले. एकशे एक्केचाळीस बायका, साठीच्या पुढच्या. त्यांतल्या बहुतेकींनी आधीच्या एका प्रश्नाला, ‘सध्या घरात आजारी माणसाचं तुम्ही करता का’ याला, चटकन हो म्हटलेलं. तिथे एकीलाही अडखळायला झालं नव्हतं. जे करतात त्यांना माहीत नाही आणि जे करत नाहीत त्यांना पक्कं माहीत आहे, असं काहीतरी ते दिसत होतं, आणि मी सोळा वर्षं त्याला मत नसणं म्हणत आले होते. मी वाक्यातला ‘बहुसंख्य’ खोडला आणि त्या जागी काय लिहायचं ते न सुचून ती जागा तशीच ठेवली.

चार वाजून वीस मिनिटांनी आईला फोन लावला.

“कोण?”

“मी गं. आ-हुई.” घरच्या बोलीत ह्वेचं आ-हुई होतं.

“जेवलीस का? पपनस काय करतेय?”

“झोपलीय. आई, बाबांना केंद्रात ठेवायचं का?” मी हे असं, पुस्तिकेतल्यासारखं, एका दमात विचारलं.

“मला काय माहीत. तुम्ही ठरवलंय ना? दादा म्हणत होता, ठरलं म्हणून.”

एक, दोन, तीन, चार, पाच. माझ्या जिभेवर ‘बरं, मग पुढचं’ आलं होतं, मी ते गिळलं. सहा. सात. लाइनमधून खाडीवरच्या वाऱ्यानं पत्रा वाजत होता. मला वाटलं, ती आता म्हणेल, काय गं, फोन बंद पडला का. दहाच्या पुढे मी मोजणं सोडलं. माझाच श्वास मला फोनमधून ऐकू येत होता. एवढा वेळ मी आईसमोर गप्प कधी बसले होते? लहानपणी ती केस विंचरायची तेव्हा, बहुतेक.

“हात वर जात नाही माझा आता,” आई एकदम म्हणाली. “कंगवा धरता येत नाही. शेजारची येऊन विंचरून देते.”

मी फोन दुसऱ्या कानाला घेतला.

“मला झोप हवीय. एक झोप सलग, कुणी हाक न मारता. तुझ्या आजीच्या वेळी मी पन्नाशीची होते गं, तेव्हा जमायचं. आता मी रात्री त्यांना वळवते आणि मनात म्हणते, हा माणूस एवढा जड कसा, खातो तर वाडगाभर पेज.” ती हसली. मग म्हणाली, “पण तिथं त्यांना भरवणार कोण? असे कुणाच्याही हातून ते तोंड उघडत नाहीत. भरती किती वाजता, ओहोटी किती वाजता, ते सांगावं लागतं. आज भरती पावणेसहाला. ते सांगितलं की बघतात खाडीकडे आणि तेवढ्यात चमचा आत सरकवायचा. हे तिथं काम करणाऱ्या पोरींना कोण सांगणार? त्या बिचाऱ्या कुठल्या लांबच्या देशातून आलेल्या, त्यांना आपली खाडी काय ठाऊक.”

“सांगता येईल त्यांना, आई.”

“सांगशील तू. तुला येतं सांगायला.” पुन्हा पत्रा वाजला. “शेजारच्या गावात सकाळी गाडी येते बघ. पांढरी गाडी. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाते, दिवसभर ठेवते, दुपारचं जेवण देते, संध्याकाळी घरी आणून सोडते. माझी मैत्रीण आ-चू, तिचा नवरा जातो. आ-चू दिवसभर झोपते आणि संध्याकाळी नवऱ्याला भरवते. तशी गाडी आपल्याकडे का येत नाही गं?”

आमच्या गावाला दिवसाचं केंद्र मिळालं नाही त्याचं कारण मला ठाऊक आहे. मी तो जिल्ह्याचा कागद वाचला आहे. ‘पाहणीनुसार या भागात मागणी अत्यल्प, नागरिकांचा कल घरगुती काळजीकडे.’ ती पाहणी माझी नव्हती. पुस्तिका माझी होती.

“कुणी मागितली नसेल, आई,” मी म्हटलं.

“नसेल,” आई म्हणाली, “कुणी विचारलं असतं तर मागितली असती.” आणि लगेच, “की नसती मागितली? आपण कसं म्हणणार, आमचा नवरा सांभाळा म्हणून. तोंडातून निघत नाही ते.”

आणि तेवढ्यात तिकडे खटका उडाला. टक्. या वेळी तो कुठला आहे ते मला बरोबर कळलं. “थांब हं, पेज झाली,” आई म्हणाली. “ठेव तू, तुझा फोन चालू राहील उगाच.” “राहू दे,” मी म्हटलं, “मी आहे.” तिनं फोन कुठेतरी ठेवला, बहुधा बाबांच्या खाटेशेजारच्या स्टुलावर, कारण पुढचं सगळं अगदी जवळून ऐकू आलं. वाडग्यात रताळं चेचल्याचा आवाज, मग फुंकर. “पावणेसहाला भरती,” आई बाबांना सांगत होती. “मोठी आहे आज. माच्या बुडतील. हां. आ करा. गिळा. पोरगी आहे फोनवर, काही बोलू नका तिला.” बाबा काही बोलले नाहीत, ते चार वर्षांत काही बोललेले नाहीत. एक चमचा, दुसरा चमचा. मी खुर्चीत पाय वर घेऊन बसले, फोन कानाला धरून, आणि कितीतरी दिवसांनी आपण घरी आहोत असं मला वाटलं. घड्याळात चार वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती. मला दादाला सांगता आलं असतं, आईला नको आहे. ते खोटं झालं असतं, ती पडली होती आणि तिला झोप हवी होती. मला सांगता आलं असतं, आईला हवं आहे. तेही खोटं. ती जे म्हणाली होती ते पांढरी गाडी होती, आणि पांढरी गाडी दादाच्या मतदानात नव्हती, माझ्या प्रश्नातही नव्हती. पाच वाजता जागा जाणार होती. जाऊ दे म्हणायला माझी जीभ रेटेना, ठेव म्हणायलाही रेटेना. मला ‘माहीत नाही’ म्हणायचं होतं, आणि ते म्हटलं की दादा मला बाजूला काढून उरलेल्यांची बेरीज करणार होता.

दारात योयो उभी होती. गालावर उशीच्या शिवणीची रेघ उमटलेली, एक मोजा पायात आणि एक हातात घातलेला. ती बराच वेळ उभी असावी, कारण तिनं हाका न मारता येऊन माझ्या मांडीत अंग टाकलं आणि फोनला कान लावला. तिकडे चमचा वाडग्याला लागत होता. “आजी काय करतेय?” तिनं कुजबुजत विचारलं. “आजोबांना भरवतेय.” तिनं ऐकलं, अगदी लक्ष देऊन, तोंड थोडं उघडं ठेवून, जणू तिलाच भरवत होते. फोनच्या पडद्यावर दादाचं नाव उजळलं, दुसरा फोन येत होता. योयोला ते नाव वाचता येत नाही, पण चित्र ओळखता येतं. “मामा,” ती म्हणाली. मग तिला परवाचं ते आठवलं असणार, हो आणि नाहीचे दोन चौकोन, ज्यांना तिला हात लावू दिला नव्हता. तिनं मोज्यातला हात बाहेर काढून एक बोट वर धरलं.

“मग आजीनं बोट कशावर ठेवलं, आई?”